धरणाचे पाणी, तळ्याचा काठ आणि आपला ऊस



मागच्या उन्हाळ्यात गडमुडशिंगी गटाची बैठक होती. विषय ठेवला होता खोडवा आणि पाचट. पण पाचटावर बोलायला कुणाचे मन नव्हते. उपसाबंदीचे दिवस चालू होते, लागण माना टाकत होती आणि बैठकीला आलेला प्रत्येक जण आभाळाकडे नाही तर घड्याळाकडे बघत होता. गडमुडशिंगीचे बरेचसे रान उपसा पाण्यावर. नदी लांब, पाइपलाइन मोठी आणि मोटार बंद म्हणजे सगळेच बंद.

एक जुने सभासद उठले आणि म्हणाले, "साहेब, राधानगरीत पाणी शिल्लक हाय म्हणून पेपरात रोज येतंय. मग आमची मोटार का बंद?"

आम्ही नेहमीचे उत्तर दिले. आवर्तनाचे वेळापत्रक, पिण्याच्या पाण्याचा राखीव साठा, टेलच्या गावांचा हक्क वगैरे. आबांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ते खरं असंल. पण तुम्ही मे महिन्यात धरण कधी बघितलंय?"

खरे सांगायचे तर बघितले नव्हते. धरणावर आपण सगळे जातो ते जुलै-ऑगस्टात, दरवाजे उघडल्याची बातमी आली की. कणीस खायचे, फोटो काढायचे, परत यायचे. इतकी वर्षे ऊस विकासाचे काम करतो, पाण्यावर भाषणे देतो, पण ज्या तळ्याच्या जिवावर हे सगळे चालते ते तळे रिकामे होताना कसे दिसते हे आम्हाला ठाऊक नव्हते. पुढच्याच रविवारी आबा, आणखी दोन सभासद आणि आम्ही असे जीपने राधानगरीला गेलो. त्या दिवशी जे पाहिले आणि त्यावर नंतर जो विचार केला, तो आपल्यापुढे ठेवीत आहोत.

राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर हे धरण बांधायला घेतले ते १९०९ च्या सुमारास. तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव दिले, गावाला राधाबाई अक्कासाहेबांचे. पैशाअभावी काम मध्येच थांबले. महाराज १९२२ साली गेले, पुढे राजाराम महाराजांच्या काळात काम पुन्हा हाती घेतले आणि ते पुरे झाले स्वातंत्र्यानंतर. साठा ८.३६ टी.एम.सी. पाणी ३४७.५० फुटांवर आले की सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. हे सगळे आपल्याला तोंडपाठ आहे. पण हे आकडे भरलेल्या तळ्याचे आहेत.

मे महिन्यात दिसले ते असे. मध्यभागी पाणी, वर डोंगरावर हिरवे रान आणि या दोहोंच्या मध्ये सगळ्या तळ्याला वेढून टाकणारा तांबड्या, उघड्या मातीचा पट्टा. गुऱ्हाळात काहिलीतला रस आटत जातो तशी कडेला खूण राहते, अगदी तसे. जवळ जाऊन पाहिले तर त्या पट्ट्यावर आडव्या पायऱ्या पडलेल्या. पाणी जिथे जिथे काही दिवस थांबले, तिथे तिथे लाटांनी काठ कोरून काढलेला. वरच्या पायरीवर झाडांची मुळे बोटांसारखी बाहेर लोंबत होती. खाली आलो तसे आधी दगडगोटे, मग चिकट गाळ. गाळात जनावरांच्या खुरांचे ठसे आणि वाळलेले शिंपले. गवताची काडी म्हणून नाही. आमच्यातले एक जण म्हणाले, "हितं तर कुसळ बी उगवत न्हाई." आबांनी एक शिंपला उचलून पाहिला आणि काही न बोलता खिशात टाकला.

आता असे का होते ते बघू. तळ्यातला जीव बहुतेक सगळा काठाला असतो. खोल पाण्याच्या तळाशी ऊन पोचत नाही, त्यामुळे तिथे काही उगवत नाही. जिथपर्यंत ऊन तळाला लागते तिथपर्यंत पाणगवत, लव्हाळा, शेवाळ. त्यावर किडे, गोगलगायी. त्यावर माशांची पिल्ले आणि त्या पिल्लांवर बगळे, ढोकरी, खंड्या. म्हणजे तळे कितीही मोठे असो, त्याचे स्वयंपाकघर काठाच्या त्या अरुंद पट्ट्यात असते.

निसर्गातल्या तळ्याचे पाणीही वर-खाली होतेच. पण ते हळू होते आणि थोडे होते. वनस्पतीला त्याची सवय असते. धरणाच्या तळ्यात ऑगस्टात काठोकाठ आणि मेमध्ये, विहिरीच्या भाषेत सांगायचे तर, कित्येक परस खाली. ऑगस्टात जिथे काठ असतो तिथे डिसेंबरात कोरडे ठणठणीत. डिसेंबरात जिथे काठ असतो तिथे ऑगस्टात खोल काळोख. पाण्यातले गवत उन्हाने वाळते, रानातले गवत बुडून कुजते. दोघांपैकी कुणालाच मूळ धरता येत नाही. त्यातून आपल्याकडचा उतार तीव्र, माती जांभ्याची आणि पाऊस धो धो. मुळांची पकड नसलेली माती एकदा लाटांनी सुटली की तळात जाऊन बसते आणि वर राहतात ते गोटे. त्यामुळे पुढच्या वर्षी तिथे काही रुजायची आशा आणखी कमी.

हे सर्व आपल्याच घरातील उदाहरणाने चटकन समजेल. पीक बसते कशावर? पाण्यावर नव्हे, वाफशावर. सरीत पाणी तुंबून राहिले तर मुळी गुदमरते, पाणी तुटले तर मुळी वाळते. पाणीही हवे, हवाही हवी आणि एकामागून एक वेळेवर हवी. तळ्याच्या काठालाही असाच वाफसा लागतो. पाणी चढले पाहिजे, उतरलेही पाहिजे. पण हंगामाने आणि बेताने.

तळ्याच्या वरच्या अंगाला, दाजीपूरच्या बाजूला, गव्यांचे अभयारण्य आहे. पूर्वीचे संस्थानी शिकारीचे रान, १९५८ पासून अभयारण्य आणि २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीतही आले. उन्हाळ्यात रानातील ओढे आटले की जनावराला तळ्याशिवाय आधार नाही. पाणी जितके खाली, तितकी उघड्यावरची चाल जास्त. परत येताना हसण्याच्या अलीकडे रस्त्याकडेला चहाला थांबलो, तेव्हा तिथला एक मेंढके सांगत होता की जिथे उतार सौम्य आहे तिथे थंडीत पाणी मागे सरकते तसे कोवळे गवत फुटते आणि त्यावर त्याची मेंढरे आणि रानातली जनावरे दोन्ही चरतात. म्हणजे पाणी उतरणे हेच मुळात वाईट, असे नाही.

त्याचे मोठे उदाहरण म्हणजे उजनी. सोलापूरकडे पाहुणे असलेल्या सभासदांनी ते पाहिलेच असेल. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. एकूण साठा सुमारे ११७ टी.एम.सी. आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृत साठा. जमीन सपाट असल्याने पाणी हातभर उतरले तरी काठ फर्लांगभर मागे जातो. त्या ओल्या गाळावर शेतकरी गाळपेर करतात आणि पाणी न देता पीक निघते. त्याच गाळावर भिगवण-कुंभारगावकडे हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. त्यांना लागते गुडघ्याएवढे पाणी आणि खाली मऊ चिखल. मजा अशी की ज्या वर्षी उजनी उशिरापर्यंत काठोकाठ राहते त्या वर्षी हे पक्षीही उशिरा येतात. धरण भरले म्हणून माणूस पेढे वाटतो आणि पाखराला उभे राहायला जागा नसते!

पण तिथेही बेत सुटला की व्हायचे ते होते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला आणि पळसदेवचे जुने देऊळ पाण्याबाहेर उघडे पडले. बघायला गर्दी झाली. उथळ पाण्यात घरटी करणाऱ्या माशांची अंडी मात्र अशा वेळी उन्हात पडतात. चिलापी वर्षातून पुन्हा पुन्हा वीण घालते म्हणून ती तगते, आणि हंगामात एकदाच वीण घालणारे आपले जुने मासे मागे पडतात. उजनीच्या जाळ्यात आज चिलापीच अधिक सापडते. त्याला इतरही कारणे आहेत, पण काठाचे हाल हेही त्यातले एक.

जीपमध्ये परत येताना एका तरुण सभासदाने विचारले, "मग साहेब, पाणी एका पातळीला धरून ठेवलं तर? वर न्हाई, खाली न्हाई."

प्रश्न चांगला होता. याचा प्रयोग जगात झालेला आहे. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर ऑन्टॅरिओ नावाचे समुद्रासारखे तळे आहे. १९६० च्या सुमारास त्याच्या तोंडाशी, सेंट लॉरेन्स नदीवर, धरण झाले आणि तळ्याची पातळी ठरावीक मर्यादेत ठेवायला सुरुवात झाली. बोटींना बरे, काठावरच्या बंगल्यांना बरे. पण चढ-उतार कमी झाल्यावर काठावरची तऱ्हेतऱ्हेची गवते गेली आणि एकटे पाणकणीस माजले. खताचा डोस एकाच ताटाला मिळावा तसे. पक्षी, मासे यांची जागा गेली. बरीच वर्षे अभ्यास करून दोन्ही देशांनी जानेवारी २०१७ पासून पातळीला पुन्हा थोडे वर-खाली होऊ देणारी नवी पद्धत आणली. त्याच वर्षी आणि पुन्हा २०१९ साली तिथे अतोनात पाऊस झाला, तळे फुगले, बंगल्यांत पाणी शिरले आणि लोकांनी सगळा दोष नव्या पद्धतीला दिला. पाऊसच तेवढा झाला होता, असे तिथल्या आयोगाचे म्हणणे. पाण्यावरून भांडायला मराठी यावेच लागते असे नाही.

इतक्या लांब जायचेही कारण नाही. एका पातळीला धरलेले पाणी आपल्या दारात आहे. पंचगंगेवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे! पावसाळा सरला की बरगे घालायचे, पावसाळा तोंडावर आला की काढायचे. राजाराम बंधाऱ्यापासून खाली तेरवाड-शिरोळपर्यंत नदी म्हणजे आता एकामागे एक मांडलेली लांबट तळी झाली आहेत. पूर्वी उन्हाळ्यात नदीत डोह असत आणि दोन डोहांमध्ये दगडांवरून खळाळते पाणी असे. त्या खळाळात पाण्याला हवा मिळे. आता खळाळ बुडाला. उभ्या पाण्यात शहरांचे सांडपाणी येते आणि, हेही कबूल केले पाहिजे, आपल्या सरीतून निसटलेला युरियाही येतो. त्यावर जलपर्णी पोसते. मग एकदम बरगे निघतात किंवा वळवाच्या पावसाचा लोंढा येतो, तळाचे काळे पाणी ढवळून वर येते आणि तेरवाडला मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी आपण वाचतो. बंधाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. ते नसते तर आपला अर्धा ऊस उभा राहिला नसता. पण नदीकाठाचा वाफसा त्यांनी मोडला, हेही तितकेच खरे आहे.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सांगताना जरा संकोच वाटतो.

आमच्याबरोबर जीपमध्ये जे दुसरे सभासद होते त्यांचे नदीला लागून रान आहे. दोन वर्षांपूर्वी आवर्तन संपता संपता, सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू असताना, बंधाऱ्यामागचे पाणी दोन-तीन दिवसांत झपाट्याने उतरले आणि त्यांच्या रानाचा काठ रात्रीत खचला. तीन सऱ्या उसासकट नदीत गेल्या आणि जॅकवेलच्या कडेला भेग पडली. त्यांनी ते नशीब म्हणून सोडून दिले. पण त्याचे कारण नशीब नाही. काळी माती पाण्याने फुगलेली असते तेव्हा तिला बाहेरून नदीच्या पाण्याचाच टेका असतो. नदी हळू उतरली तर मातीतले पाणीही हळूहळू पाझरून जाते आणि काठ सावरतो. नदी झटकन उतरली तर टेका निघून जातो आणि मातीच्या पोटातले पाणी मात्र आतच राहते. मग त्या वजनाने सगळा काठ घसरतो. धरणांच्या मातीच्या भरावालाही हाच धोका असतो, म्हणून इंजिनिअर लोक पातळी एकदम उतरवू नका असे सांगतात.

काठाला अशा वेळी धरून ठेवतात ती मुळे. वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ आणि खाली लव्हाळा, वाळा. या सभासदांच्या काठावर त्यांपैकी काही नव्हते. का नव्हते? तर पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, एकरी टनेज वाढवण्याच्या मोहिमेत, आम्हीच त्या रानात उभे राहून सांगितले होते की झाडांच्या सावलीने कडेचा ऊस बारीक राहतो, झाडे काढा आणि सऱ्या काठापर्यंत न्या. त्यांनी ऐकले. चार-दोन वर्षे टनेज वाढलेही. आमच्या अहवालात ते आकडे आम्ही मोठ्या अभिमानाने लिहिले. जीपमध्ये ही आठवण त्यांनी काढली नाही, आम्हीच काढली. ते एवढेच म्हणाले, "तुम्ही सांगितलं, आम्ही केलं. तवा दोघांस्नी बी कळत न्हवतं."

असो.

राधानगरीचा तो तांबडा पट्टा आणि हा खचलेला काठ, दोन्हींचे मूळ एकच आहे: पाणी किती उतरते आणि किती वेगाने उतरते. ते कुणाच्या मागणीवर उतरते? मुख्यतः आपल्या. म्हणून थोडे गणित करू. एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे एक लाख तीन हजार लिटर. सरी भरून पाट सोडला की एका पाळीत तीन ते चार इंच पाणी सहज जाते. समजा, पंचगंगेच्या सगळ्या खोऱ्यात मिळून एक लाख एकरांवर आपण प्रत्येक पाळीत फक्त एक इंच पाणी कमी दिले. एका पाळीला वाचले सुमारे ०.३६ टी.एम.सी. उन्हाळ्यात सहा पाळ्या धरल्या तर दोन टी.एम.सी.च्या वर. हा राधानगरीच्या पूर्ण साठ्याचा चौथा हिस्सा झाला! कुणी म्हणेल, जास्त दिलेले पाणी पाझरून नदीलाच मिळते, मग वाया कुठे गेले? काही प्रमाणात मिळते, हे बरोबर. पण जाताना ते मीठ आणि नत्र घेऊन जाते. शिरोळच्या बाजूला क्षारपड झालेली राने कशाने झाली हे त्या भागातले शेतकरी आपल्याला सांगतील.

हे एक इंच वाचवायला फार मोठे काही लागत नाही. ठिबक ज्यांना शक्य आहे त्यांनी करावेच, त्याने तर याहून पुष्कळ वाचते. पण ज्यांना शक्य नाही त्यांनी निदान एक आड एक सरी भिजवणे, पाचट न जाळता सरीत दाबणे आणि सरीची लांबी कमी करणे एवढे केले तरी पाळी दोन-तीन दिवस पुढे जाते. पाचटाचा विषय त्या बैठकीत मागे पडला होता, तो असा पुन्हा आला.

वेगाचा प्रश्न मात्र एकट्या शेतकऱ्याच्या हातचा नाही. बरगे कधी आणि किती काढायचे हे पाटबंधारे खाते ठरवते. तरीही दोन गोष्टी करण्यासारख्या आहेत. पहिली, एकाच बंधाऱ्यावरच्या उपसा संस्थांनी आवर्तनाच्या शेवटच्या दिवसांत मोटारी पाळीपाळीने चालवल्या तर पातळी एकदम कोसळणार नाही. विजेच्या आठ तासांत हे अवघड आहे, याची आम्हाला कल्पना आहे. पण दोन संस्थांनी आपसांत दिवस वाटून घेतले तर जमते. दुसरी, बरगे एकदम सगळे न काढता चार-सहा दिवसांत टप्प्याने काढावेत, अशी लेखी मागणी संस्थांनी ठरावाने करावी. ठरावाचा मसुदा आम्ही तयार केला आहे, तो गट कार्यालयात मिळेल. डिसेंबर २०२१ मध्ये राधानगरीचा एक दरवाजा दुरुस्तीच्या वेळी अडकून भर हिवाळ्यात नदीला पाणी आले होते, तेव्हा पातळीच्या एकदम बदलाने काठावर काय धावपळ उडते ते सर्वांनी अनुभवले आहे. त्यामुळे या मागणीचे महत्त्व अधिकाऱ्यांना वेगळे पटवून द्यावे लागू नये.

राहिला प्रश्न काठाचा. ज्या सभासदांचे रान नदीला किंवा ओढ्याला लागून आहे त्यांनी काठाकडच्या दोन सऱ्या सोडाव्यात, अशी आमची विनंती आहे. होय, ज्या तोंडाने काठापर्यंत जा म्हटले त्याच तोंडाने आता मागे या म्हणतो आहोत. तिथे वरच्या अंगाला करंज, जांभूळ आणि पाण्यालगत वाळुंज व वाळा लावावा. वाळुंजाला रोप लागत नाही, अंगठ्याएवढी ओली फांदी दीड हात कापून ओलीत खोवली की फुटते. महापुराचे पाणी उतरून बरगे पडल्यावरची ओल त्याला सर्वांत चांगली. पहिल्या वर्षी जनावरांपासून राखावे लागेल.

ज्यांचा काठ खचला ते सभासद या हंगामात पहिली लागण करणार आहेत. त्यांनी दोन नव्हे, तीन सऱ्या सोडल्या आहेत. "नदीनं नेल्या तेवढ्याच," असे ते म्हणाले. ज्यांना फांद्या किंवा वाळ्याचे ठोंब हवे असतील त्यांनी आपले नाव, गट नंबर आणि काठाची लांबी आपल्या भागाच्या चिटबॉयकडे दिवाळीपूर्वी नोंदवावी. येत्या मे महिन्यात आम्ही पुन्हा राधानगरीला जाणार आहोत. जीपमध्ये दोन जागा शिल्लक आहेत.